श्रीमंती, व्याजदर आणि कसब्यातली छपरं

देश श्रीमंत झाला की आपोआप स्वच्छ होतो, हे समीकरण अर्थशास्त्राच्या वर्गातून निघून आता चहाच्या टपरीपर्यंत पोचलं आहे. १९९१ साली जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी ते आकड्यांत मांडलं. उत्पन्न वाढत जातं तसं प्रदूषण आधी वाढतं, एका टप्प्यावर थबकतं आणि मग उतरू लागतं. सायमन कुझनेट्स यांनी विषमतेबद्दल अशाच कमानीचा आलेख काढला होता, म्हणून यालाही त्यांचंच नाव चिकटलं. अक्षय ऊर्जेला हे लावलं की निष्कर्ष सरळ निघतो: लोकांच्या हातात पैसा येऊ द्या, छपरांवर पॅनेल येतीलच. पुण्यात हे पटायला वेळ लागत नाही. बाणेर, औंध, कोथरूडच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर पॅनेलच्या रांगा दिसतात आणि तिथे राहणाऱ्यांचं उत्पन्न आपल्याला अंदाजाने ठाऊक असतं. पण त्याच पुण्यात, त्याच महावितरणच्या तारांखाली, तेच ऊन आणि तेच अनुदान असताना कसबा पेठेतली छपरं बव्हंशी मोकळी आहेत. कसब्याला गरीब म्हणावं, तर इथला जागेचा भाव ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही. मग अडतं कुठे? या लेखातलं म्हणणं असं की आर्थिक वाढ आणि अक्षय ऊर्जा यांचं नातं खरं आहे, पण ते थेट नाही. वाढीतून दोन गोष्टी निर्माण होतात, स्वस्त व्याजाचा दीर्घ मुदतीचा पैसा आणि वीस वर्षं शब्द पाळणारी व्यवस्था. त्या जिथे पोचतात तिथे पॅनेल आणि पवनचक्क्या पोचतात. जिथे पोचत नाहीत तिथे श्रीमंती असूनही पोचत नाहीत.

आधी संशोधकांना काय सापडलं ते पाहू. वाढ ऊर्जेला ओढते की ऊर्जा वाढीला, हा वाद १९७८ पासूनचा. त्या वर्षी क्राफ्ट आणि क्राफ्ट या जोडीने अमेरिकेच्या १९४७ ते १९७४ च्या आकड्यांवरून सांगितलं की उत्पन्न वाढतं म्हणून ऊर्जेचा वापर वाढतो. त्यानंतर शोधनिबंधांचा असा पूर आला की संभाव्य उत्तरांचे चार ठरीव कप्पेच पडले: ऊर्जा वाढीला ओढते, वाढ ऊर्जेला ओढते, दोघी एकमेकींना ओढतात, किंवा कोणीच कोणाला ओढत नाही. अक्षय ऊर्जेपुरतं बोलायचं तर चारांतल्या तीन कप्प्यांत श्रीमंत देशांचेच दाखले सापडतात. पेरी सॅडॉर्स्की यांनी २००९ मध्ये जी-७ देशांचा अभ्यास करून म्हटलं की दरडोई उत्पन्न वाढलं की अक्षय ऊर्जेचा वापर वाढतो. पुढच्याच वर्षी अपर्गिस आणि पेन यांना २० ओईसीडी देशांच्या १९८५ ते २००५ च्या आकड्यांत दुहेरी नातं दिसलं. आणि २०११ मध्ये मेनेगाकी यांनी युरोपातल्या २७ देशांची १९९७ ते २००७ ही वर्षं तपासली, तर त्यांना कार्यकारणाचा पुरावाच मिळाला नाही. देश बरेचसे तेच, वर्षंही एकमेकांवर चढलेली, आणि उत्तरं तीन. यात कोणी चुकीचं गणित केलं असं समजायचं कारण नाही. ‘अक्षय’ या एका रकान्यात नॉर्वेचा शंभर वर्षं जुना धबधबा, फिनलंडमधला लाकडाचा भुसा आणि जर्मनीतलं कालचं पॅनेल एकत्र बसवलं आहे. तिघांचा देशाच्या उत्पन्नाशी संबंध तीन वेगळ्या वाटांनी येतो. एकाच समीकरणात कोंबल्यावर नमुना कुठला निवडला यावर उत्तर हलणारच.

एकेक देश घेतला तर चित्र जास्त बोलकं होतं. नॉर्वेची सुमारे ९० टक्के वीज पाण्यापासून येते, पण नॉर्वे श्रीमंत झाला म्हणून धबधबे वाहू लागले नाहीत. उलट स्वस्त जलविजेवर त्याचे धातूचे आणि खतांचे कारखाने उभे राहिले, तेल खूप नंतर सापडलं. दक्षिण कोरियाने दोन पिढ्यांत जी झेप घेतली तिला तोड नाही, तरी तिथला अक्षय विजेचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. सिंगापूर जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी, आणि त्याची जवळजवळ सगळी वीज नैसर्गिक वायूवर. डेन्मार्कची गोष्ट वेगळी. १९७३ च्या तेलसंकटात त्याची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर होती; त्या धक्क्यातून गावोगावच्या लोकांनी सहकारी तत्त्वावर पवनचक्क्या उभ्या केल्या आणि आज तिथली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. आणि टेक्सास? तिथे हवामानबदलाचं नाव काढणंही राजकारण्यांना परवडत नाही, तरी पवनऊर्जेत ते अमेरिकेत पहिलं, कारण १९९९ च्या कायद्याने वीजकंपन्यांवर अक्षय विजेचा हिस्सा बंधनकारक केला आणि पुढे सुमारे ७०० कोटी डॉलर घालून वारं असलेल्या पश्चिम भागातून शहरांपर्यंत वाहिन्या टाकल्या. उत्पन्नाच्या क्रमाने हे देश लावले तर काही जुळत नाही. लांब मुदतीचा पैसा कोणी, कुठल्या भरवशावर घातला, हे विचारलं की जुळू लागतं.

याचं कारण या तंत्राच्या अर्थशास्त्रातच आहे. कोळशाचं वीजकेंद्र आयुष्यभर कोळसा खातं. त्याचा मोठा खर्च वर्षावर्षाला, ग्राहकाच्या बिलातून वसूल होत जातो. सौर आणि पवन यांत जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं इंधन फुकट. म्हणजे आज विकत घ्यायची असते ती वीस वर्षांची वीज एकरकमी. अशा वस्तूची किंमत ठरवण्यात व्याजाचा दर उन्हापेक्षा फार मागे नसतो. ढोबळ हिशेब करून पाहा. घरावरच्या तीन किलोवॉटच्या संचाला दोन लाख रुपये लागतात असं धरू. पुण्याच्या उन्हात वर्षाला तो सुमारे ४,२०० युनिट देतो. हे दोन लाख वीस वर्षांत चार टक्के व्याजाने फेडायचे तर वर्षाला सुमारे १४,७०० रुपये पडतात, म्हणजे युनिट साडेतीन रुपयांना. तेच बारा टक्क्यांनी फेडायचे तर वर्षाला सुमारे २६,८०० रुपये, युनिट जवळपास ६ रुपये ४० पैशांना. पॅनेल तेच, ऊन तेच, गच्ची तीच. श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्यातला मोठा फरक या दोन व्याजदरांत दडलेला आहे, आणि श्रीमंत सोसायटी व जुना वाडा यांच्यातलाही.

श्रीमंत देशांतलं व्याज चढलं तेव्हा काय झालं, हे २०२३ ने दाखवून दिलं. ब्रिटन किंवा अमेरिका त्या वर्षी गरीब झाले नव्हते. पण महागाई आवरायला मध्यवर्ती बँकांनी व्याजदर चढवले, सामानही महागलं, आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या लिलावात समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस ओर्स्टेड या डॅनिश कंपनीने न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचे दोन मोठे प्रकल्प सोडून दिले. शब्द मोडला की काय होतं, ते स्पेनने त्याआधीच भोगलं होतं. २००८ मध्ये सौरऊर्जेची जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ स्पेनची होती. सरकारने उदार दर जाहीर केले, मंदी आली, आणि २०१० पासून जुन्या प्रकल्पांचेही दर कापायला सुरुवात झाली. २०१२ च्या जानेवारीत नव्या प्रकल्पांचा आधारच थांबवला. पुढची काही वर्षं तिथे नवं फारसं उभं राहिलं नाही, ऊन मात्र होतं तेवढंच होतं. जर्मनीने २००० च्या कायद्याने वीस वर्षांचा दर बांधून दिला आणि तो पाळला. तेव्हा सहा टक्क्यांच्या आसपास असलेला अक्षय विजेचा वाटा २०२३ मध्ये निम्म्याच्या वर गेला. त्याची किंमत घरगुती ग्राहकांनी अधिभारातून मोजली. २०१७ मध्ये तो युनिटमागे ६.८८ सेंटपर्यंत चढला होता, आणि मोठे वीजखाऊ कारखाने त्यातून बरेचसे सुटलेले होते. ही बाजू जर्मनीच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात आर्थिक वाढीने अक्षय वीज आणली याचा सर्वांत जुना दाखला ११० वर्षांहून जुना आहे. मुंबईच्या गिरण्या परगावच्या कोळशावर चालत आणि धुराने शहर काळवंडे. घाटमाथ्यावर पडणारा पाऊस लोणावळ्याच्या तलावांत अडवून तो खोपोलीला खाली सोडायचा, ही जमशेटजी टाटांची कल्पना. १९११ मध्ये पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये वीज मुंबईला पोचली. लंडनच्या बाजारात भांडवल मनासारखं जमेना, तेव्हा ते इथल्याच संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी उभं केलं. गिरण्यांची वाढ होती म्हणून खात्रीचं गिऱ्हाईक होतं, गिऱ्हाईक होतं म्हणून भांडवल आलं. पण याच साखळीची पुढची कडी मुळशी. पुण्याच्या पश्चिमेला मुळा-निळा खोऱ्यातली गावं टाटांच्या तिसऱ्या वीजप्रकल्पाच्या धरणासाठी बुडणार होती, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला बसले. १९२४ पर्यंत लढा चालला, धरण झालंच, आणि १९२७ मध्ये भिऱ्याहून वीज निघाली. स्वच्छ विजेची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न हवामानबदलाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी पुणे जिल्ह्याने विचारला होता. वाढ मुंबईची, बुडाली ती मावळ्यांची भातशेती. देशाच्या सरासरी उत्पन्नावर आधारलेल्या कोणत्याही समीकरणात मुळशी दिसत नाही, ही त्या समीकरणांची मोठी उणीव आहे.

शतकाच्या दुसऱ्या टोकाला साताऱ्याचं पठार आहे. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या माथ्यावर पवनचक्क्या आल्या त्या वाऱ्यामुळे, हे खरं. पण वारं तिथे शिवाजी महाराजांच्या काळीही होतं. नवा होता तो आयकरातला घसारा. नव्वदच्या दशकात पवनचक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करता येई, नंतर ते प्रमाण ८० टक्के झालं. याचा उपयोग कोणाला? ज्याला भरपूर नफा होतो त्यालाच. तोट्यातल्या कंपनीला वजावट घेऊन काय करायचं. म्हणून दुचाक्या विकून नफ्यात असलेल्या बजाज ऑटोने साताऱ्याच्या पठारावर आणि नगरच्या सुप्याला पवनचक्क्या उभारल्या, इतर नफ्यातल्या कंपन्यांनीही तेच केलं. वाढीचं अक्षय ऊर्जेत रूपांतर होताना इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळतं. त्याची खोटही इथेच दिसते: वजावट यंत्र उभं करण्यावर होती, वीज काढण्यावर नव्हती. केंद्राने २००९ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटमागे ५० पैसे द्यायची योजना आणली ती म्हणूनच. मधल्या काळात, २००३ मध्ये, राज्य वीज नियामक आयोगाने पवनऊर्जेला पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ असा तेरा वर्षांचा दर बांधून दिला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनची भरभराट याच वर्षांतली. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये ती सुरू केली ती स्वतःच्या कापड धंद्याला विजेचा भरवसा नव्हता म्हणून. तरीही आज देशातलं सर्वांत मोठं अर्थकारण असलेला महाराष्ट्र पवनऊर्जेत गुजरात, तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या मागे आहे, सौरऊर्जेत राजस्थान आणि गुजरातच्या. राज्यांच्या उत्पन्नाचा क्रम आणि पॅनेलचा क्रम इथेही जुळत नाही.

उलट दिशेचा पुरावा धुळ्यात सापडतो. साक्री तालुक्यात महानिर्मितीने २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा केला. साक्रीचं दरडोई उत्पन्न पुण्याच्या जवळपासही नाही. पैसा आला तो केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेच्या कर्जातून. म्हणजे जर्मनीतल्या श्रीमंतीने साठवलेलं स्वस्त भांडवल धुळ्याच्या माळावर उतरलं, धुळे श्रीमंत होण्याची वाट न बघता. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ पासूनचा तिचा दुसरा टप्पा याच वाटेने जातो. गावाजवळच्या सरकारी किंवा भाड्याच्या जमिनीवर काही मेगावॉटचा प्रकल्प, तो थेट उपकेंद्राला जोडलेला, आणि शेतीपंपांना दिवसा वीज. विकासकाला पंचवीस वर्षांचा करार, युनिटला तीन रुपयांच्या आसपास. महावितरणचा वीज पुरवण्याचा सरासरी खर्च त्याच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून हा व्यवहार तिला हवाच आहे. रात्री दोनला उठून, बिबट्याच्या भीतीने हातात काठी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाच्या विजेचं मोल अर्थशास्त्राने सांगायला नको. त्याचं उत्पन्न वाढल्यामुळे हे झालं नाही. त्याच्या वतीने कोणीतरी पंचवीस वर्षांची सही केली, म्हणून झालं.

यावर अनुभवी माणूस लगेच दाभोळची आठवण काढील, आणि ती काढायलाच हवी. दीर्घ मुदतीचा करार आणि सरकारी हमी याच दोन गोष्टी एन्रॉनच्या तिथल्या वीजप्रकल्पालाही होत्या. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये पुन्हा झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली, आणि २००१ मध्ये ती घेणं परवडत नाही म्हणून बंद पडली. मग शब्द पाळणारी व्यवस्था हेच भलं, असं कसं म्हणायचं? फरक करारात काय बांधलं होतं यात आहे. दाभोळमध्ये इंधनाचा भाव आणि डॉलरचा दर हे दोन्ही धोके ग्राहकाच्या माथी होते. वीस वर्षांत ते कुठे जातील, सही करताना कोणालाच ठाऊक नव्हतं. सौर करारात इंधन नाही आणि दर रुपयांत ठरलेला. ग्राहकाचा तोटा होऊ शकतो तो एवढाच, की उद्या पॅनेल आणखी स्वस्त झाली आणि आपण आजच्या भावात अडकलो. तो तोटा खराच आहे. सुरुवातीच्या सौर प्रकल्पांचे जुने दर वीजकंपन्यांना आज टोचतात ते यामुळेच, पण त्याने राज्याचं वीज मंडळ बुडत नाही.

आता कसबा. इथे वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी, व्याज आणि सही, एका छपरावर येऊन अडतात. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये देते, सरकारी बँका कमी व्याजाने कर्ज देतात, आणि सौर संच, गांडूळखत किंवा पर्जन्यजल साठवण असलेली घरं पुणे महापालिकेच्या मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत मिळवतात. कागदावर काही कमी नाही. पण एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते, आणि ती जागा कोणाची तरी असावी लागते. कसब्यातल्या वाड्याचं छप्पर म्हणजे उतरती कौलं, मध्येच गंजका पत्रा, एका बाजूला शेजारच्या पाच मजली इमारतीची सावली. खाली चार-पाच भाडेकरू, जुन्या भाडे कायद्याच्या संरक्षणातले; मालकाच्या हाती येणारं भाडं इतकं थोडं की कौलं चाळायलाही पुरत नाही. मालकीचे हक्क तीन पिढ्यांत वाटले गेलेले, दिवाणी दावा चालू. शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत असाल तर पुरातत्त्व कायद्याने नवं बांधकामच नाही, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. म्हणजे वाडा पाडून गच्चीची इमारत उभी करण्याची वाटही बंद. अशा छपरावर पॅनेल बसवायचं तर मालकाने पैसे घालायचे आणि बिल भाडेकरूचं कमी व्हायचं. मालक का करील? भाडेकरूने घालायचे तर उद्या जागा सोडावी लागली की पॅनेल मालकाचं. भाडेकरू का करील?

कसब्यातल्याच तांबट आळीतल्या एका वस्तूशी ताडून पाहिलं तर हे नीट कळतं. पेशवाईपासून या आळीत तांब्याची भांडी घडत आली, आणि मठारकामाची ठोकठोक, म्हणजे हातोडीने पत्र्यावर एकसारखे ठसे उठवण्याचं काम, आजही थांबलेलं नाही. इथला बंब पुण्याच्या घराघरांत होता: मधोमध उभं नळकांडं, त्यात लाकडं नाहीतर भुसा, भोवती पाणी, पोटाशी तोटी. बंबही एकरकमी घ्यायची महाग वस्तू होती आणि दोन-तीन पिढ्या टिकायची. पण तो भाडेकरूचा स्वतःचा असायचा. जागा बदलली की हातगाडीवर घालून बंब बरोबर जायचा, अडीअडचणीला मोडीतही तांब्याचा भाव यायचा. कुटुंबाने वर्षानुवर्षांची गरज भागवायला आगाऊ पैसा घालावा आणि तो बुडू नये, याची सोय त्या वस्तूतच होती. छतावरच्या काही सौर बंबांनाही तांब्याच्याच नळ्या असतात, पण ते छपराला खिळलेले. हे फक्त पुण्याचं दुखणं आहे असंही नाही. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहतात, आणि वीस वर्षांच्या दराचा फायदा आधी मिळाला तो स्वतःच्या घरावर स्वतःचं छप्पर असणाऱ्यांना. तिथे त्यावर अलीकडे निघालेला तोडगा म्हणजे बाल्कनीच्या कठड्याला टांगायची आणि साध्या प्लगने जोडायची ८०० वॉटपर्यंतची पॅनेल. घर बदललं की काढून न्यायची. अशा लाखो जोडण्या तिथे झाल्या आहेत.

आणखी एक गोष्ट कसब्याला आड येते, ती म्हणजे बिलाचे टप्पे. घरगुती ग्राहकाला पहिली शंभर युनिटं सर्वांत स्वस्त, शंभर ओलांडली की दर जवळपास दुप्पट, तीनशेच्या पुढे आणखी चढा. एसी आणि गीझर असलेल्या घराला पॅनेल महागडी युनिटं वाचवून देतं. महिन्याला ऐंशी-नव्वद युनिटांत भागवणाऱ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला ते स्वस्तातली युनिटं वाचवून देतं. उत्पन्न वाढलं की सौरऊर्जा वाढते असं आकडे सांगतात तेव्हा त्यामागे पर्यावरणाची जाण किती आणि बिलाचा हा उतार किती, हे वेगळं करायला हवं. २०२५ मध्ये राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या आणि शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी जादा अनुदानाची योजना आणली, ती या उताराला उतारा म्हणून ठीकच आहे. छप्पर मात्र त्यातही हवंच.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: श्रीमंत देशांनी पॅनेल महाग असताना घेतली, म्हणून ती स्वस्त झाली, वाढ नसती तर आज कसब्यात चर्चेलाही काही नसतं. हे मी पूर्ण मान्य करतो. जर्मन ग्राहकाच्या अधिभाराने मागणी तयार केली, चिनी कारखान्यांनी उत्पादन वाढवलं, आणि २०१० नंतरच्या दशकात पॅनेलची किंमत सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली. पण ते काम एकदाच करावं लागतं आणि ते झालं आहे. आता स्वतःची वाढ मंदावलेल्या देशातही पॅनेल पोचतात, हे पाकिस्तानने दाखवलं. अर्थव्यवस्था अडीच टक्क्यांच्या आसपास रखडत असताना २०२४ या एका वर्षात तिथे सुमारे १७ हजार मेगावॉटची पॅनेल आयात झाली. वीज महाग, भरवशाची नाही, आणि चिनी पॅनेल स्वस्त. लोकांनी रोख पैसे मोजून ती बसवली. ज्यांच्याकडे रोख होती ते ग्रीडमधून निघाले आणि ग्रीडचा स्थिर खर्च उरलेल्यांच्या बिलावर पडू लागला. वाढीशिवाय अक्षय ऊर्जा येते, पण वाटणी विस्कटते, हा त्यातला धडा आपल्या महावितरणलाही लागू आहे: तिचे सर्वांत चांगले पैसे देणारे ग्राहक म्हणजे उद्योग आणि मोठी घरं, आणि पॅनेलकडे सर्वांत आधी तेच वळतात.

दुसरा आक्षेप ब्रिटनचा दाखला देतो. ३० सप्टेंबर २०२४ ला तिथलं शेवटचं कोळसा केंद्र, रॅटक्लिफचं, बंद झालं, अर्थव्यवस्था १९९० पेक्षा कितीतरी मोठी आणि उत्सर्जन निम्म्याच्या आसपास. मग श्रीमंती स्वच्छतेकडे नेते हे सिद्धच झालं की. यात एक बाब सुटते. ब्रिटनमधली विजेची मागणी २००५ च्या सुमारापासून घटत गेली, कारखानदारी बरीचशी परदेशी गेली. मागणी स्थिर असली की आलेलं प्रत्येक पॅनेल कोळसा हटवतं. महाराष्ट्रात महावितरणचीच कमाल मागणी २५ हजार मेगावॉटच्या घरात पोचली आहे आणि दर उन्हाळ्यात चढते. इथे नवं पॅनेल आधी नव्या मागणीलाच पुरतं. म्हणून स्थापित क्षमतेतला वाटा पाहून आनंद मानताना जरा दमाने घ्यावं. देशाची निम्मी क्षमता २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म झाली, तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सुमारे सत्तर टक्के कोळसाच आहे.

मग कसब्यातल्या बिऱ्हाडाने श्रीमंत होईपर्यंत थांबायचं का? बोळात बाल्कनीला पॅनेल टांगून उपयोग थोडा. ऊन तिथे दुपारी तासभर डोकावतं, आणि आपल्याकडे ग्रीडला काही जोडायचं तर अर्ज, मंजूर भार, तपासणी, नेट मीटर या वाटेनेच जावं लागतं. जास्त व्यवहार्य आहे ती आभासी नेट मीटरिंगची रचना, जिचे नियम दिल्लीने २०१९ मध्ये केले: पॅनेल एका जागी, महापालिकेच्या शाळेवर किंवा शहराबाहेरच्या माळावर, आणि त्यातल्या हिश्श्याची युनिटं दूरच्या ग्राहकाच्या बिलात वजा. हिस्सा मीटरबरोबर, म्हणून भाडेकरूबरोबर, हलू शकतो. महावितरण म्हणेल की तारा तिच्या, संध्याकाळी सातची वीज तिची, दुपारचं युनिट घेऊन संध्याकाळचं युनिट द्यायचा तोटा तिने का सोसावा. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर वहन आकारात आहे: प्रत्येक युनिटमागे तारांचं आणि साठवणुकीचं भाडं घ्यावं, पण ते शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकाला परवडेल इतपत. तो आकडा कुठे बसतो, हे आकडेमोड करून नियामक आयोगाच्या जनसुनावणीत मांडावं लागेल. एन्रॉनचा करार एकेका कलमाने उलगडून दाखवणारी प्रयास ही संस्था पुण्याचीच. वीजदराच्या सुनावण्यांना तिचे कार्यकर्ते तीस वर्षं आकडे घेऊन जात आले आहेत. पेठांतल्या भाडेकरूंची बाजू त्या फायलीत अजून फारशी गेलेली नाही.